पगारी सहायक ठेवावा की फुकटावर भागवावे?

जोडधंदा ही गोष्ट आपल्या सीमाभागाला नवी नाही. निपाणी परिसरात घरकाम आटोपून हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी मिळवणाऱ्या बायकांनी कित्येक संसार उभे केले. शहापूर-वडगावात मागावर घरातली सगळीच माणसे राबली. बेळगावात लग्नसराईच्या मांड्यांपासून रुखवतापर्यंत आणि फॉल-पिकोपासून शिकवणीपर्यंत किती उद्योग घराच्या पुढच्या खोलीत चालतात, त्याची मोजदाद नाही. नवी आहे ती वेगळीच गोष्ट. हल्ली धंदा सुरू करायचे ठरले की घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘आई, आधी एआय घेऊया. पैसे भरले की सगळे तेच करते.’

हे ‘सगळे’ म्हणजे नेमके काय आणि त्यासाठी घरातून दरमहा पैसे काढावेत का, याचा शांतपणे विचार व्हायला हवा. रक्कम वरवर लहान दिसते, पण जोडधंद्याचे भांडवलही लहानच असते.

सहायक म्हणजे कोण?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यानंतर गुगलचे जेमिनी आणि तशाच इतर सेवा आल्या. आपण साध्या भाषेत प्रश्न विचारायचा, त्याने उत्तर लिहून द्यायचे, असा हा प्रकार. जाहिरातीचा मजकूर, गिऱ्हाइकाला पत्र, मालाचे दरपत्रक, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर, अशी कामे तो क्षणात करतो.

मात्र तो हे करतो कसे, हे ठाऊक असावे. प्रचंड मजकूर वाचवून घेऊन, एका शब्दामागून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, हे या यंत्राला शिकवलेले असते. त्यामुळे त्याची भाषा नेहमी सफाईदार असते, पण माहिती नेहमी खरी असतेच असे नाही. चुकीचे उत्तरही तो त्याच आत्मविश्वासाने देतो. पैसे भरले म्हणजे हा दोष जातो, असा पुष्कळांचा समज आहे. वर्गणीदाराला अधिक ताकदीचा सहायक मिळतो, अधिक वेळा प्रश्न विचारता येतात, मोठ्या फाइली देता येतात, चित्रे जास्त काढून मिळतात. चुका कमी होतात, पण थांबत नाहीत.

दर आणि फुकटचे दिवस

ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीने भारतासाठी ‘गो’ नावाची महिना ३९९ रुपयांची योजना आणली. त्या वेळी तिच्या वरच्या ‘प्लस’ योजनेचा दर १,९९९ रुपये होता. म्हणजे वर्षाला एका योजनेचे ४,७८८ रुपये आणि दुसरीचे २३,९८८ रुपये. काही परदेशी सेवांची वर्गणी डॉलरमध्ये असते. तिथे रुपयाचा भाव उतरला की आपला खर्च आपोआप वाढतो.

त्याच वर्षी फुकट वाटपाचीही लाट आली. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटीची वर्षभराची वर्गणी मोफत देऊ केली. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस जिओने गुगल जेमिनीची १८ महिन्यांची सवलत आणली. ४ नोव्हेंबर २०२५ पासून चॅटजीपीटीने ‘गो’ योजनाच भारतात नव्याने नोंदणी करणाऱ्यांना एक वर्ष मोफत दिली.

फुकट मिळते आहे तर घ्यायला हरकत नाही. पण मोफत वर्षासाठीही कार्ड किंवा यूपीआयची परवानगी घेतली जाते आणि मुदत संपली की वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोंदणी केलेल्यांचे मोफत वर्ष नोव्हेंबर २०२६ मध्ये संपते. ती तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी आपोआप होणारी कपात होण्याच्या २४ तास आधी सूचना येते. तो संदेश न वाचता पुसू नका. नको असेल तर यूपीआयच्या अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ विभागात जाऊन ती परवानगी रद्द करता येते. मुलाने आपल्या मोबाइलवर काय काय सुरू करून ठेवले आहे, हेही तिथेच कळते.

किती किलो मसाल्याचा?

जोडधंदा करणाऱ्याने कोणताही मासिक खर्च रुपयांत न मोजता आपल्या मालात मोजावा. समजा, निपाणीतल्या एका घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. मिरची, तेल, कांडप, पाकिटे, गॅस, सगळे वजा जाता किलोमागे ८० रुपये हातात राहतात. तर ३९९ रुपयांची वर्गणी म्हणजे पाच किलो चटणीचा नफा. १,९९९ रुपयांची वर्गणी म्हणजे पंचवीस किलोंचा. महिन्याला चाळीस किलो विक्री असेल, तर अर्ध्याहून अधिक मेहनत त्या सहायकाचा पगार काढण्यातच जाईल.

ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंनी हाच हिशोब ब्लाऊजमध्ये करावा, शिकवणी घेणाऱ्या सरांनी विद्यार्थ्यांमध्ये. ‘एष्टु?’ हा आपल्या बाजारातला पहिला कन्नड प्रश्न. तो इथेही विचारायचा, आणि त्याचे उत्तर नगात किंवा किलोत द्यायचे.

आणखी एक तुलना मनात येते. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये मिळतात. वरच्या दर्जाची वर्गणी जवळपास तेवढीच. घरातल्या लक्ष्मीच्या खात्यावर आलेले सगळे पैसे एका यंत्राला द्यायचे, तर त्याने त्याहून जास्त परत आणले पाहिजेत. त्याच पैशात पाकिटे बंद करायचे साधे सीलिंग मशीन येते, किंवा चांगली लेबले छापून होतात. सुरुवातीच्या महिन्यांत गिऱ्हाईक वाढवायला यांपैकी काय जास्त उपयोगी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सीमेवरचा खरा प्रश्न

आता मुद्द्याची गोष्ट. सहायकाचा सल्ला कुठे कामाला येतो आणि कुठे अडचणीत आणतो, हे आपल्या भागात इतरांपेक्षा अधिक काळजीने पाहावे लागते. आपण एका राज्यात राहतो आणि बाजार दुसऱ्या राज्यात करतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास, तर आपल्याच जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. साहजिकच माल कोल्हापूर-कागलकडे जातो.

सहायकाला विचारा, ‘घरगुती मसाल्याचा धंदा करायचा आहे, जीएसटी नोंदणी लागेल का?’ तो सांगेल की वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. माल विकणाऱ्यासाठी कर्नाटकात हे बरोबर आहे. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचा असेल, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना तेवढी सूट आहे. कोगनोळी ओलांडून चटणीचे पार्सल कागलच्या दुकानदाराकडे गेले, की कायद्याच्या दृष्टीने तो आंतरराज्य व्यापार झाला. पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसाला हा प्रश्न रोज पडत नाही. आपल्याला तो पहिल्याच आठवड्यात पडतो.

त्यातही बारकावे आहेत. मसाल्यावर ५ टक्के कर आहे, पापडावर मात्र जीएसटी नाही. केवळ करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीची गरज नसते. म्हणजे एकाच स्वयंपाकघरातून निघालेले पापड आणि मसाला एकाच गाडीने कोल्हापूरला गेले, तरी दोघांचे नियम वेगळे. शिकवणी, डिझाइन, भाषांतर अशा सेवा देणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना दुसऱ्या राज्यातले गिऱ्हाईक असले तरी २० लाखांची मर्यादा लागू राहते.

प्रश्नात दोन्ही राज्यांची नावे घातली, माल कोणता आणि तो कुठून कुठे जाणार हे सांगितले, तर सहायक बऱ्याचदा योग्य दिशा दाखवतो. पण हे विचारायचे असते हे आधी आपल्याला माहीत हवे. म्हणून अशा बाबतीत त्याच्याकडून प्रश्नांची यादी करून घ्यावी आणि ती यादी घेऊन गावातल्या कर सल्लागाराकडे जावे. सल्लागाराला एकदा दिलेली फी ही काही महिन्यांच्या वर्गणीपेक्षा स्वस्त पडते, आणि चुकले तर निदान विचारायला माणूस समोर असतो.

खाद्यपदार्थांच्या एफएसएसएआय नोंदणीचेही तसेच. घरातून विकणाऱ्यालाही ही नोंदणी लागते. तिच्या मर्यादा, फी आणि मुदतीचे नियम बदलत असतात आणि यंत्राच्या पोटात जुना नियम बसलेला असू शकतो. तो आकडा सरकारच्या ‘फॉसकॉस’ या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावा.

दोन भाषांची परीक्षा

आपल्या घरांत आजी मराठीत रागावते आणि सूनबाई माहेरी फोनवर कन्नडमध्ये बोलते. गिऱ्हाईकही तसेच. त्यामुळे सहायक घेताना तो दोन्ही भाषा कशा सांभाळतो, हे पाहिलेच पाहिजे.

मराठी आणि कन्नड शेजारणी असल्या तरी काही शब्द दगा देतात. ‘अवसर’ म्हणजे मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई. ‘अनुमान’ म्हणजे आपल्याकडे अंदाज, तर कन्नड बोलण्यात बहुधा संशय. दरपत्रकात असा शब्द जसाच्या तसा उचलला गेला, तर ‘खर्चाचे अनुमान’ वाचून गिऱ्हाईक बुचकळ्यात पडेल. शिवाय यंत्राची कन्नड पुस्तकी असते. आपल्या भागात ‘बर्री’ म्हणून जे स्वागत होते, त्याचे ते ‘बन्नि’ करते. चूक नाही, पण दुकान बेंगळूरचे वाटते. तेव्हा जाहिरात छापण्याआधी शेजारच्या अक्कांना किंवा घरातल्या सूनबाईंना एकदा वाचून दाखवावी. हे काम फुकट होते आणि कोणत्याही वर्गणीपेक्षा चोख होते.

फलकाचा नियमही लक्षात ठेवावा. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार कर्नाटकात व्यवसायाच्या फलकावर ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा. फ्लेक्सवर किंवा पाटीवर चुकीची कन्नड मोठ्या अक्षरात झळकली, तर खर्चही वाया आणि बोलणीही खावी लागतात. पाकिटावरच्या लेबलाचा नियम पुन्हा वेगळा. खाद्यपदार्थाच्या लेबलवरील आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठी-कन्नड त्याच्या जोडीला चालते, त्याच्याऐवजी नाही.

भाषेचा खर्चाशीही संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यंत्र मजकुराचे लहान लहान तुकडे करून मोजते आणि वापराची मर्यादा त्या तुकड्यांवर ठरते. आपल्या लिपींचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. चॅटजीपीटीच्या कंपनीने मे २०२४ मध्ये नवी आवृत्ती आणली, तेव्हा नमुन्याच्या मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आल्याचे जाहीर केले. त्याच मजकुराचे इंग्रजीत २४ तुकडे होते. म्हणजे फरक खूप घटला, पण मिटला नाही. मराठीत लांबलचक काम करणाऱ्याची फुकटची मर्यादा इंग्रजीपेक्षा लवकर संपू शकते. केवळ भाषांतराची गरज असेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही सेवा आहे. तिच्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत.

पैसे कोणी भरावेत?

असे असले तरी पगारी सहायक कुणालाच नको, असे मुळीच नाही. ज्यांचे कामच लिहिण्याचे, मोजण्याचे किंवा चित्रांचे आहे, त्यांना तो परवडतो. तीन माध्यमांच्या मुलांसाठी रोज सराव प्रश्न काढणारे शिक्षक, दर आठवड्याला शंभर साड्यांचे फोटो टाकून त्यांची माहिती लिहिणारी विक्रेती, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे डिझाइन करणारा तरुण, चार दुकानांचे हिशोब घरी आणून लिहिणारी वाणिज्य पदवीधर सून, यांचे तास वाचले तर त्या तासांत नवे काम घेता येते. वाचलेल्या वेळाला गिऱ्हाईक असणे, ही खरी कसोटी आहे. चटणी कांडणाऱ्या, शेवया करणाऱ्या, मांडे भाजणाऱ्या हातांचा वेळ यंत्र वाचवत नाही. त्यांना महिन्यातून चार वेळा जाहिरात आणि दोन वेळा पत्र लागते. तेवढे फुकटात होते.

ठरवता येत नसेल, तर एक महिना वही घाला. चार रकाने पुरेत. कोणते काम सहायकाकडून करून घेतले, किती वेळ वाचला, त्या वेळातून किती रुपये आले, आणि फुकटच्या मर्यादेमुळे काम कुठे अडले. महिनाअखेर चौथा रकाना रिकामा असेल, तर प्रश्न मिटला. तो भरलेला असेल, तर तिसऱ्या रकान्याची बेरीज करा. ती वर्गणीच्या निदान दुप्पट असेल, तर एक महिन्याची वर्गणी घेऊन पाहावी. वर्षाची एकदम घेऊ नये, मग सवलत कितीही दिसो. आणि वर्गणी धंद्याच्या गल्ल्यातून जावी, घरखर्चाच्या डब्यातून नव्हे.

फुकट असो वा विकत, काही गोष्टी त्याला देऊच नयेत. गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी, आधारची प्रत, बँकेची माहिती आणि आपल्या घरची खास पाककृती. दिलेला मजकूर यंत्राच्या पुढच्या शिक्षणासाठी वापरला जाऊ नये, यासाठी बहुतेक सेवांच्या सेटिंगमध्ये पर्याय असतो. तो मुलांकडून बंद करून घ्यावा.

किर्लोस्करांची सायकल

बेळगावला जोडधंद्याचे याहून मोठे उदाहरण शोधायला नको. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. नोकरी सुरू ठेवूनच ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या इथे विकत. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो. सायकलींनंतर कडबा कापायची यंत्रे आली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे सुरुवातीला तो नांगर शेतकरी घेईनात. तरी काम टिकले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

एका भावाचा पगार चालू होता, दुसरा भाऊ गावात राहून गिऱ्हाईक ओळखत होता आणि यंत्रे टप्प्याटप्प्याने आली. रामूअण्णांची जागा आजही कोणतेही यंत्र घेत नाही. कोणता दुकानदार उधारी बुडवतो, जत्रेआधी कोणता माल उठतो, कुणाच्या घरी लग्न ठरले आहे, ही माहिती गल्लीतच मिळते.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण म्हणतो. कन्नडमध्ये ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणतात. दोन्ही घरांतल्या आज्यांनी सांगितलेले एकच आहे. धंद्याचे अंथरूण आधी वाढू द्या. पहिले शंभर गिऱ्हाईक जोडेपर्यंत फुकटचा सहायक, गावातला कर सल्लागार आणि शेजारच्या अक्का, एवढी मंडळी पुरेशी आहेत. पुढे काम खरोखरच अंगावर येऊ लागले, की वहीच सांगेल सहायकाला पगार सुरू करायचा की नाही.